१८ फुटांचा उतार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अपंगांसाठी समाजाने करायचे तरी किती?’ असा प्रश्न गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत निघाला. विचारणारे गृहस्थ सज्जन आहेत. माझ्या पत्नीच्या आजारपणात दोनदा मध्यरात्री गाडी काढून आलेले. सभेत मला त्यांना धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

आधी माझाच गुन्हा सांगतो. ३१ वर्षे मी वास्तुविशारदांकडे ड्राफ्ट्समन होतो. कोथरूड, वारजे, बावधन भागातल्या बऱ्याच इमारतींचे नकाशे माझ्या हातचे आहेत. इमारतीचे जोते जमिनीपासून दीड फूट उंच असेल तर व्हीलचेअरचा उतार १८ फूट लांब हवा. एकास बारा हे प्रमाण मला पाढ्यासारखे पाठ. पण १८ फुटांत एक मोटार उभी राहते. त्यामुळे कागदावर १८ आणि जागेवर ९, हा रिवाज. इमारत वापरायच्या परवानगीचे भोगवटा पत्र हातात पडले की त्या उतारावर कुंड्या मांडल्या जात. त्यावरून खरोखरच कुणी वर येईल, असे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आले नव्हते.

चार वर्षांपूर्वी पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. आमच्या इमारतीचा उतारही ९ फुटांचाच. वर चढवताना मागे दोघे आणि पुढे एक लागतो, उतरवताना खुर्ची उलटी धरावी लागते. रखवालदार, इस्त्रीवाला, जो दिसेल त्याला हाक मारायची. कुणीही कधी कुरकुर केलेली नाही. तरी परवा ती म्हणाली, “अहो, सगळ्यांना थँक्यू म्हणून म्हणून दमले मी.” तिला सकाळी सात वाजता, कुणालाही न बोलावता, खालच्या प्राजक्तापाशी जाऊन बसायचे आहे. आम्ही दोघांनीच.

उतार नीट करायचा अर्ज मी सभेपुढे ठेवला, तेव्हा मर्यादेचा मुद्दा आला. एका व्हीलचेअरसाठी केवढा खर्च! गेल्या वर्षी दर्शनी भिंतीला दोन छटांचा रंग दिला, त्याला याच्या चौपट पैसे गेले. तेव्हा मर्यादा कुणाला आठवली नव्हती. दुसरे एक सभासद म्हणाले, माणसाला जिद्द हवी, मुरलीकांत पेटकर बघा. बघावेच. १९६५च्या युद्धात जखमी झालेले पेटकर १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले. पण पोहणे त्यांनी सुरू केले ते उपचाराचा भाग म्हणून. त्या तलावाच्या काठापर्यंत त्यांना कुणीतरी नेले असेल की नाही? जिद्द पाण्यात उतरल्यावर कामी येते.

मर्यादा कायद्यालाही मान्य आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘वाजवी सोयी’ची व्याख्या करतानाच, तिचा अवाजवी बोजा पडू नये असे म्हटले आहे. मग बोजाचे बोलायच्या आधी वाजवी तेवढे तरी झाले का, हे बघायला नको? सार्वजनिक इमारती सुगम करायला याच कायद्याने नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत टळून गेली २०२२ सालीच. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे नियम करा. मधल्या काळात ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले. पायऱ्या आहेत तेवढ्याच आहेत.

आपल्या पदपथांची तर तऱ्हाच वेगळी. दुचाक्या वर चढतात म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवायचे. दुचाकीवाला हँडल तिरके करून त्यातूनही जातो, अडते ती व्हीलचेअर. म्हणजे गुन्हा एकाचा आणि शिक्षा भलत्याला. अंधांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरशा कुठे झाडाच्या बुंध्याशी संपतात, कुठे विजेच्या डीपीशी. अशा फरशा कधी काळी मीही नकाशात रंगवल्या आहेत. झाड कुठे आहे, ते पाहायला कुणी जात नसे.

सगळीकडे सगळे करता येईल, असे मी म्हणत नाही. जुन्या पेठेतल्या दहा बाय बाराच्या दुकानदाराकडे लिफ्ट कशी मागणार? आमचा वाणी आपणहून पायऱ्या उतरून यादी घेऊन जातो, तेवढे पुरते. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचा विषयही सभेत कुणीतरी काढलाच, उद्या तिथेही उतार मागाल म्हणून. घरी येऊन मी पत्नीला हे सांगितले. ती म्हणाली, “पर्वती मी शाळेत असताना पुष्कळ चढले. मला बँकेत न्या.” आमच्या बँकेला पाच पायऱ्या आहेत. तिच्या हयातीच्या दाखल्यासाठी साहेब स्वतः रिक्षापाशी आले, त्यांचे आभारच. पण लॉकर रिक्षापाशी येत नाही.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. नवा नकाशा मीच काढला आहे, या वेळी कागदावर १८ आणि जागेवरही १८. भिंतीलगत ९ फूट जाऊन, सपाट टप्प्यावर वळून परत ९ फूट. पार्किंगची एकही जागा जात नाही. सूचना फलक तेवढा चार फूट सरकवावा लागेल. त्यालाही दोन सभासदांची लेखी हरकत आली आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, कोथरूड, पुणे

(ता. क. : याच सोसायटीत राहायचे आहे, तेव्हा कृपया नाव छापू नये.)