चांदी आहे, पण कोणती आणि किती?

मा. संपादक,

साबण, फेसवॉश, डिओडरंट, मुरुमांचे जेल, लहान मुलांचे लोशन अशा कितीतरी वस्तूंवर सध्या 'चांदीयुक्त', 'नॅनो सिल्व्हर', '९९.९ टक्के जंतूंचा नाश' असे ठळक छापलेले असते. चांदी जंतू मारते हे खरे आहे. पण कोणत्या स्वरूपातली, किती आणि कशात मिसळलेली, हे सांगितल्याशिवाय त्या दाव्याला काही अर्थ नाही. नेमकी हीच माहिती वेष्टनावर नसते, म्हणून हे पत्र.

चांदीचा धातू स्वतः फारसे काही करत नाही. काम करतो तो त्यातून सुटणारा चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू. जिवाणूच्या आवरणातल्या आणि श्वसनाच्या विकरांमधल्या (एन्झाइम्समधल्या) गंधकयुक्त गटांना तो घट्ट चिकटतो. आवरण गळू लागते, ऊर्जानिर्मिती थांबते आणि जिवाणू मरतो. त्यासाठी काही पीपीएम, म्हणजे किलोमागे काही मिलिग्रॅम आयनही पुरतात. मात्र ते मोकळे असावे लागतात, आणि अडचण तिथेच आहे. गंधक किंवा क्लोराइड (मिठातला एक घटक) दिसले की चांदी आधी त्याला जाऊन मिळते. देवघरातली चांदीची भांडी काळी पडतात तीही हवेतल्या गंधकामुळेच.

घामात मीठ असते. लिटरमागे ३० मिलिमोल, म्हणजे साधारण एक ग्रॅम क्लोराइड धरले, तर सिल्व्हर क्लोराइडच्या विद्राव्यतेच्या हिशेबाने मोकळे आयन लिटरमागे एक मायक्रोग्रॅमच्याही खाली जातात. म्हणजे शुद्ध पाण्यातल्या चाचणीत चमकणारे द्रावण मुंबई-कोकणच्या घामट हवेत काखेत तसेच वागेल असे मुळीच नाही. चांगले डिओडरंट बनवणारे म्हणूनच मोकळ्या आयनांच्या भरवशावर राहत नाहीत. सिल्व्हर क्लोराइड टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर बसवतात किंवा सिल्व्हर सायट्रेट वापरतात. हे साठे थोडे थोडे आयन सोडत राहतात आणि घामातल्या द्रव्यांपासून दुर्गंधी तयार करणाऱ्या जिवाणूंना आवर घालतात. हा उपयोग खरा आहे, पण त्याने घाम कमी होत नाही.

आता '९९.९ टक्के'चा हिशेब. दहा लाख जंतूंपैकी एक हजार उरतात, एवढाच त्याचा अर्थ. अनुकूल स्थितीत दर अर्ध्या तासाला दुप्पट होणारे जिवाणू पाच तासांत पुन्हा जवळपास दहा लाखांवर पोचतात. त्यातही चाचणी किती वेळ चालली, तिथे घाम, तेल, प्रथिने होती का, हे जाहिरातीत कधी वाचायला मिळत नाही. फेसवॉश चेहऱ्यावर अर्धा मिनिटही राहत नाही.

युरोपीय संघाच्या प्रसाधन नियमात (१२२३/२००९) चांदीला परिरक्षक (वस्तू खराब होऊ न देणारे द्रव्य) म्हणून नेमक्या मर्यादेत परवानगी आहे. टायटॅनियम डायऑक्साइडवरचे सिल्व्हर क्लोराइड जास्तीत जास्त ०.००४ टक्के चालते. तीन वर्षांखालील मुलांच्या वस्तूंत, तोंडात वापरायच्या वस्तूंत, डोळ्यांभोवती आणि ओठांवर ते चालत नाही. सायट्रिक आम्ल-सिल्व्हर सायट्रेटचे मिश्रण ०.२ टक्क्यापर्यंत, म्हणजे ०.००२४ टक्के चांदी इतके चालते. तोंडाच्या आणि डोळ्यांच्या वस्तूंत तेही नाही. नॅनो स्वरूपातल्या कोलॉइडल सिल्व्हरबद्दल (द्रवात तरंगणाऱ्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांबद्दल) तिथल्या वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये सांगितले की, सुरक्षिततेचा निष्कर्ष काढायला पुरेशी माहितीच देण्यात आलेली नाही. पुढे २०२४ मध्ये ते प्रसाधनांसाठी निषिद्ध यादीत गेले. जो 'नॅनो' शब्द आपल्याकडे मोठ्या अक्षरांत छापून मिरवला जातो, त्याची तिथली स्थिती ही आहे. घटकांच्या यादीत 'सीआय ७७८२०' दिसले तर तीही चांदीच, पण रंगासाठी, चमक आणण्यासाठी घातलेली. तिच्या जोरावर जंतुनाशाचा दावा करता येत नाही.

अलीकडे बचत गट आणि लहान उद्योजकही 'नॅनो सिल्व्हर लिक्विड' विकत आणून साबण, जेल, शाम्पू करतात. त्यांची फसवणूक ग्राहकाइतकीच होते, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

साबणाच्या वडीत चांदी घालणे जवळजवळ वाया जाते. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच ९ ते १० असतो, आणि मेदाम्लांशी चांदीचे न विरघळणारे क्षार तयार होतात. वडी काही दिवसांत तपकिरी-करडी पडते ती त्यामुळेच. शाम्पू आणि फेसवॉश घट्ट करायला मीठ घातले जाते, तेव्हा आयन सिल्व्हर क्लोराइड होऊन बसतात आणि उजेडात ते जांभळट होते. केराटिन किंवा सिस्टीन घातलेल्या केसांच्या उत्पादनात त्यांच्यातला गंधक चांदीला पकडून ठेवतो. व्हिटॅमिन सी असलेल्या सीरममध्ये आयनांचा पुन्हा धातू होतो आणि द्रव काळवंडतो. कार्बोमर हे घट्ट करणारे द्रव्य वापरून केलेले जेलही आयन बांधून ठेवते.

तरीही करायचेच असेल, तर हिशेब आधी कागदावर मांडावा. क्लोराइड-टायटॅनियमच्या पावडरीत सिल्व्हर क्लोराइड २० टक्के असेल, तर एक किलो लोशनमध्ये ती पावडर जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम बसते. ती साध्या किचन काट्यावर मोजता येत नाही. मिलिग्रॅम दाखवणारा तराजू लागतो. नळाचे पाणी चालत नाही, क्षारविरहित पाणीच घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले किंवा ट्यूब टाळावी, कारण चांदीचे आयन त्या धातूवर जाऊन बसतात. काच, प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टील वापरावे. चांदी सर्वांत शेवटी, मिश्रण ४० अंशांखाली आल्यावर घालावी आणि बाटली अपारदर्शक ठेवावी. बुरशीवर चांदी कमजोर पडते, म्हणून फेनॉक्सीइथेनॉलसारखा दुसरा परिरक्षक जोडीला लागतोच. त्याची युरोपातली कमाल मर्यादा १ टक्का आहे.

प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की एक प्रश्न अवश्य विचारावा : चाचणीत चांदी निष्प्रभ करणारे द्रव्य, उदाहरणार्थ सोडियम थायोग्लायकोलेट, वापरले होते का? ते नसेल तर नमुन्याबरोबर चांदीही वाढीच्या माध्यमात जाते, जिवंत जंतूही तिथे वाढत नाहीत आणि सदोष उत्पादन 'उत्तीर्ण' ठरते. आयएसओ ११९३० या पद्धतीत नमुन्यात पाच सूक्ष्मजीव मुद्दाम सोडून २८ दिवस मोजणी करतात. जिवाणूंची संख्या सात दिवसांत हजारपटीने घटली आणि पुढे वाढली नाही, तर परिरक्षण चांगले मानतात. 'चांदी आहे, मग चाचणी कशाला?' असे पुरवठादार म्हणत असेल तर त्याच्याकडून माल घेऊ नये.

आता सर्वांत काळजीचा भाग. भाजल्यावर लावायचे १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम बऱ्याच घरांत असते, आणि ते मुरुमांवर, काखेत, नायट्यावर सर्रास चोपडले जाते. ते प्रसाधन नाही, औषध आहे. त्यात चांदीबरोबर सल्फा गटाचे औषध असते. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी, बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रियांनी ते वापरू नये. मुदतीआधी जन्मलेल्या आणि दोन महिन्यांखालील बाळांना लावू नये. मोठ्या जखमेवर वापरताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. डॉक्टरांनी सांगितले असेल तर साधारण दीड मिलिमीटरचा थर द्यावा आणि पुढच्या वेळी जुना थर धुऊन काढावा. थरावर थर देऊ नये. किरकोळ, वरवरच्या भाजण्यावर त्याने जखम उशिरा भरण्याचीही शक्यता असते. भाजल्याबरोबर करायचे ते साधे आहे : अंगठ्या-बांगड्या काढाव्यात आणि २० मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई नको. दवाखान्यात जाण्याआधी हे मलमही नको, कारण पांढऱ्या थराखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही.

चांदीची चांगली ड्रेसिंग्ज असतात. त्यांतली नॅनोस्फटिकी चांदीची ड्रेसिंग्ज निर्जंतुक पाण्याने भिजवतात, सलाइनने (मिठाच्या पाण्याने) नाही. कारण पुन्हा तेच, क्लोराइड.

कोलॉइडल सिल्व्हर पिण्याचा सल्ला देणाऱ्यांपासून तर लांबच राहावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच असे पदार्थ सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असा नियम केला. तिथल्या पर्यावरण संस्थेने पोटात जाणाऱ्या चांदीची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ५ मायक्रोग्रॅम धरली आहे. १२ किलोच्या मुलासाठी ती ६० मायक्रोग्रॅम होते, म्हणजे १० पीपीएम द्रावणाचा जेमतेम सव्वा चहाचा चमचा (६ मिलिलिटर). जादा चांदी त्वचेत साठते आणि उन्हाने तिचे काळे कण होतात. चेहरा, हात, नखांचे मूळ कायमचे निळसर-करडे पडते. या अवस्थेला आर्जिरिया म्हणतात. गोरे करणाऱ्या क्रीमने तो डाग जात नाही. काहींना लेसरने काही प्रमाणात फरक पडतो. उघड्या जखमेवर किंवा तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेवर दीर्घकाळ चांदी लावत राहिले तर त्या जागीही तसाच डाग उमटतो.

चांदीला दाद न देणारे जिवाणूही असतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात १९७० च्या दशकात असा साल्मोनेला सापडला होता, आणि त्या प्रतिकाराची जनुके पुढे ओळखली गेली. जी चांदी भाजलेल्या रुग्णाच्या उपयोगी पडते ती मोज्यांत आणि फेसवॉशमध्ये उधळणे आम्हाला म्हणूनच पटत नाही.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार घटकांची यादी देणे आणि दिशाभूल करणारा दावा न करणे बंधनकारक आहे. त्यात एवढी भर पडावी, अशी आमची मागणी आहे : ज्या वेष्टनावर चांदीचा दावा असेल तिथे चांदीचे स्वरूप, पीपीएममधले प्रमाण आणि ज्या चाचणीवर दावा उभा आहे तिचा कालावधी छापणे सक्तीचे करावे. आपल्या वृत्तपत्रानेही अशी जाहिरात स्वीकारताना या तीन गोष्टी मागून घ्याव्यात. आणि चांदीच्या उत्पादनाने त्वचा करडी पडू लागली किंवा पुरळ उठले, तर वाचकांनी ते ताबडतोब थांबवावे, वेष्टन फेकू नये आणि त्यावरचा बॅच क्रमांक व परवाना क्रमांक घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जावे.

— प्रसाधन रसायनशास्त्राचे दोन अभ्यासक, पुणे