हरळी खणणाऱ्याच्या नातवाकडून

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहितोय याचा राग मानू नका. घरी पाठवलं असतं तर वाचून टीव्हीमागे खोचून ठेवलं असतंत आणि फोनवर विचारलं असतंत, "काय रे, काम कमी पडतंय का?" काम कमी नाही. पाऊस ओसरलाय, लव्हाळा माजलाय, बायका सकाळपासून खुरपी घेऊन आमच्या गोल्फ क्लबाच्या पाच नंबरच्या फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या लांब हिरव्या पट्ट्यावर, बसल्यात.

तुम्हाला ठाऊक आहे, माझे आजोबा उन्हाळाभर रानातली हरळी खणून काढायचे. कुदळीनं हातभर खोल. काश्या वेचायच्या, बांधावर वाळवायच्या, पेटवून द्यायच्या. एक कांडी राहिली तरी मृगात पुन्हा हजर. पुढे मी कृषी पदवीला गेलो, तर तिथेही हरळी भेटली ती तणांच्या धड्यात. सायनोडॉन डॅक्टिलॉन, बहुवार्षिक तण, उपाय ग्लायफोसेट हे तणनाशक. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. आणि पहिली नोकरी लागली ती हीच हरळी जपायची! आजोबा म्हणाले, "पगार देऊन हरळी वाढवतात? मला सांगितलं असतं तर गाडीभर फुकट टाकली असती."

त्यांना ग्रीनवरचं, म्हणजे चेंडू भोकात ढकलायच्या गुळगुळीत हिरवळीवरचं, गवत समजावून सांगता येईल इतकं तेव्हा मलाच कळत नव्हतं. ही रानातली हरळी नव्हे, तिचा दक्षिण आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीशी संकर करून अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला काढलेली लेक, हे तुम्ही सांगितलंत. टिफग्रीन ही जात 1956 ची. त्यातूनच आपोआप निपजलेली बुटकी टिफड्वार्फ 1965 ची. हिला रुजणारं बी धरत नाही, कांड्या लावूनच वाढवायची, आणि कापायची तीन-चार मिलिमीटरवर. कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही. त्यांचा दोष म्हणत नाही मी. आपल्याकडे गवत म्हणजे एक तर चारा, नाहीतर तण. तिसरा प्रकार गणपतीच्या एकवीस दुर्वांचा.

तुमचा पहिला धडा आठवतो. तुम्ही दुसऱ्या क्लबचे सुपरिंटेंडंट, म्हणजे मैदानाची निगा बघणारे, आमच्याकडे नुसते चहाला आलेले. नऊ नंबरच्या ग्रीनवर गवत पिवळं पडत होतं आणि मी वर्षभर त्याला खत मारत होतो. तुम्ही गुडघे टेकून बसलात, खिशातला चाकू काढलात, भाकरीएवढा तुकडा उचललात आणि माझ्या नाकापुढे धरलात. "आधी वास घे." सडक्या अंड्याचा वास! वरून दोन इंचांवर काळा पट्टा. पाणी साचलेलं, हवा कोंडलेली, मुळं त्या पट्ट्याच्या वरच अडलेली. "तुमच्या गावात वाफसा म्हणतात ना? इथे वाफसाच येत नाहीये. उपाशी नाही ते, गुदमरलंय." माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात जे बसलं नव्हतं ते आजोबांच्या एका शब्दानं बसलं.

मग तुम्ही बूड दाखवलंत. 1960 मध्ये यूएसजीएनं, म्हणजे अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेनं, घालून दिलेल्या रीतीनं बांधलेल्या ग्रीनमध्ये फूटभर वाळूचा थर आणि त्याखाली चार इंच खडी असते. आमच्या ग्रीनखाली मुरूम आणि काळी माती, वर वाळूचा नुसता मुलामा. त्यामुळे आम्हाला पंचिंगला पर्याय नाही. भोकं पाडायची, गाभे वेचायचे, वाळू भरायची, पुन्हा पुढल्या वर्षी तेच. तेव्हा तुम्ही स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या ग्रीनकीपरची, ओल्ड टॉम मॉरिसची, गोष्ट सांगितली होती. त्याच्याकडून म्हणे वाळूची हातगाडी चुकून ग्रीनवर कलंडली आणि नेमकं तिथलंच गवत तरारलं. खरी की खोटी देव जाणे, पण आमचे माळी अजून वाळू मारताना "मॉरिसबाबाचा प्रसाद" म्हणतात.

माळ्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो. तुम्ही शिकवायला बसलात की मला मागे आणि त्यांना पुढे बसवायचात. गवत कापायच्या मॉवरच्या रीलची, म्हणजे फिरत्या पात्यांची, धार बघायला कागदाची पट्टी कशी धरायची, अख्ख्या पात्यावर ती सारखी कापली गेली पाहिजे, एका जागी जरी चुरगळली तरी गवत कापलं न जाता फाटतंय असं समजायचं, हे त्यांच्याच हातून करून घेतलंत. पहाटे दव झाडायच्या आधी ग्रीनवर कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसलं तर बुरशी, आधी मला हाक मारा, मग झाडा, हेही. आज ती हाक ग्रीनवरच्या मावशी मारतात आणि माझ्या औषधाच्या फवारण्या निम्म्यावर आल्यात.

आता तेलाची गोष्ट. ती सांगायची लाज वाटते, म्हणूनच सांगतो. स्पर्धेला सहा दिवस होते. मॉवरच्या हायड्रॉलिकच्या नळीला चीर होती, ती मी सकाळी तपासायला हवी होती, तपासली नाही. गरम तेल ठिबकत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी तीन ग्रीनवर करपलेल्या रेघा उमटल्या, पट्टी धरून ओढल्यासारख्या. कमिटीतल्या एका गृहस्थांनी मला सगळ्यांसमोर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. मी तुम्हाला फोन केला तो खरं म्हणजे नोकरी सोडतोय हे सांगायला.

तुम्ही सगळं ऐकून एवढंच विचारलंत, "टिफड्वार्फच ना?" दुपारी तुमचा टेम्पो आला. ओल्या गोणपाटाखाली तुमच्या नर्सरीतल्या गवताचे गोल तुकडे. कप, म्हणजे ग्रीनवरचं भोक, कापायच्या कटरनंच काढलेले, सव्वाचार इंची. त्याच कटरनं आम्ही करपलेलं काढलं आणि तिथे तुमचं बसवलं. दोनशेच्या वर तुकडे झाले. प्रत्येक तुकडा तळहातानं दाबून शेजारच्या गवताशी समतल करायचा, तसूभरही वर राहिला तर मॉवर सोलून काढणार. अंधार पडल्यावर गाडीचे दिवे लावले. तुमच्याही क्लबात त्याच महिन्यात स्पर्धा होती. नर्सरीची ती जागा तुम्ही उघडी पाडून आला होतात.

ज्या धंद्यात माणसं फवाऱ्याचं प्रमाणसुद्धा शेजारच्या क्लबपासून लपवतात, त्या धंद्यात हे केलंत. पुढे तुम्ही पुणे, नाशिक, मुंबईकडच्या आम्हा दहा-बाराजणांना वर्षातून एकदा बसवायला लागलात. नियम एकच, प्रत्येकानं आपल्या सगळ्यात वाईट ग्रीनचा फोटो आणायचा, चांगल्याचा आणला तर चहाचं बिल त्याच्यावर. 1926 मध्ये अमेरिकेत टोलेडोला साठ ग्रीनकीपर असेच जमले आणि त्यातून त्यांची मोठी संघटना उभी राहिली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कुणीतरी म्हणालं, "सर, आपण तर दहाच आहोत." तुम्ही म्हणालात, "मग बिल कमी येईल."

ग्रीनवर चेंडू किती पळतो ते मोजायच्या स्टिम्पमीटरवरून मात्र माझं-तुमचं पटलं नाही आणि पटणारही नाही. पावसाळ्यात तो कपाटात कुलपात ठेवा म्हणता, मेंबर रोज विचारतात ग्रीन किती पळतंय. मी कुलूप लावत नाही, वाळूच्या पोत्यांमागे ठेवतो.

पुढच्या रविवारी बैठक आमच्याकडे आहे. गुडघ्यांचं कारण सांगू नका, कार्टनं थेट नऊ नंबरपर्यंत नेतो. परवा कृषी पदवीधर एक नवा मुलगा रुजू झालाय, हरळी म्हटल्यावर ग्लायफोसेट म्हणाला. त्याला तुकडा कापून दाखवला आणि म्हटलं, आधी वास घे. तेलाच्या त्या रात्री तुमचा चाकू माझ्याकडे राहिला होता. तुम्ही दोनदा विचारलंत, मी दोन्ही वेळा सापडत नाही म्हणालो. सापडलाय. देणार नाही.

तुमचा,
नऊ नंबरवाला