नावे न देता मानलेले आभार

गेल्या पावसाळ्यात आमच्या सतरा वर्षांच्या मुलाने बोलणे, जेवणे आणि कॉलेजला जाणे जवळजवळ एकाच आठवड्यात सोडले, तेव्हा ही बाब घराबाहेर जाऊ नये एवढीच आम्हा नवरा-बायकोची धडपड होती, हे आज लाजेने कबूल करतो. गावच्या आशाताईंनी ती मोडून काढली. त्यांनी आमच्या ओसरीवर बसूनच १४४१६ हा २०२२ पासून सुरू असलेला, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक लावून दिला. पलीकडच्या समुपदेशक ताईंनी मुलाशी आधी सोयाबीन आणि क्रिकेट यांवर गप्पा मारल्या आणि मग, आडपडदा न ठेवता, जीव नकोसा होतो का, असे विचारले. तो हो म्हणाला.

त्यानंतर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार डॉक्टर, त्याचे वर्गशिक्षक आणि आशाताई यांनी आमच्या संमतीने एकमेकांशी बोलून सारे ठरवले, त्यामुळे तीच कहाणी तीन दारांत सांगावी लागली नाही. याचे मोल आधी एका खासगी दवाखान्यात दर वेळी नव्याने सांगून थकलेल्या आम्हालाच ठाऊक. फवारणीचे औषध शेजाऱ्यांनी आपल्या कुलपात ठेवले, एकही प्रश्न न विचारता. रुग्णालयातील समाजसेविकांनी त्याच्या आईलाही वेगळे बसवून ऐकून घेतले.

मदत करणाऱ्या आपणा सर्वांच्याच इच्छेवरून नावे देत नाही. मुलगा तपासणीला आता एकटा एसटीने जातो, आणि काल त्याने पोह्यांत मीठ कमी असल्याची तक्रार केली. आपले मनःपूर्वक आभार.