आदेश निघाला, उतारा मात्र जुनाच

माननीय संपादक महोदय,

गोव्यातल्या गावात पाण्याची टाकी, अंगणवाडी किंवा विजेचा ट्रान्सफॉर्मर अडला की उत्तर ठरलेले असते: जागा नाही. बहुतेक वेळा जागा असते आणि ती सरकारचीच असते, पण दुसऱ्या खात्याच्या ताब्यात. कुठे शाळेच्या मैदानाचा कोपरा, कुठे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या गोदामामागची पडीक जागा, कुठे कालव्याच्या कडेची पट्टी. शंभर-दोनशे चौरस मीटरचा असा तुकडा एका खात्याकडून दुसऱ्याकडे जायला वर्षे लागतात, यावर वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून येते. आदेश निघाल्यावरही एक-चौदाच्या उताऱ्यावर (गावातल्या जमिनीचा कब्जेदार आणि क्षेत्र दाखवणारा कागद) आणि सर्व्हे नकाशावर काहीच बदलत नाही, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. जास्त नुकसान या दुसऱ्या गोष्टीने होते, म्हणून हे पत्र.

सरकारी खात्यांमध्ये आपापसात जमिनीची विक्री होत नाही. शिक्षण खाते, वीज खाते, जलस्रोत खाते यांचा मालक एकच, गोवा सरकार. एका खात्याकडून दुसऱ्याकडे जातो तो ताबा आणि देखभालीची जबाबदारी. त्याला खरेदीखत लागत नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही. सक्षम अधिकाऱ्याचा आदेश, नकाशा आणि ताबा पावती एवढे पुरते. समोर पंचायत, नगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळ किंवा गृहनिर्माण मंडळ असेल तर मात्र सगळेच बदलते. कायद्याच्या नजरेत त्या स्वतंत्र व्यक्ती आहेत. तिथे मालकी किंवा भाडेपट्टा खरोखरच हातचा जातो, घटनेच्या २९९ व्या कलमाप्रमाणे दस्त राज्यपालांच्या नावाने करावा लागतो आणि सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे १९७१ चे नियम लागू होतात. फाइल उघडतानाच हे ठरले नाही तर ती चुकीच्या टेबलांवरून महिनोन्महिने फिरते. कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामूहिक संस्थेची जमीन तर सरकारी नव्हेच. तिला स्वतःची १९६१ ची संहिता आहे. गावात सर्रास 'सरकारी' म्हटल्या जाणाऱ्या मोकळ्या जागेचा उतारा काढला की कब्जेदाराच्या रकान्यात कोमुनिदाद निघते, आणि तोवर कामाची निविदासुद्धा काढून झालेली असते.

त्यामुळे पहिले काम उतारा वाचण्याचे. गावात फॉर्म एक व चौदा, शहरात त्याच्या जागी फॉर्म डी, पी. टी. शीट (शहर मोजणीच्या नकाशाचे पान) आणि चलता नंबर (भूखंडाचा क्रमांक). कब्जेदाराच्या रकान्यात काय लिहिले आहे ते अक्षरशः पाहावे. नुसते 'सरकार', की खात्याचे नाव, की १९८७ पूर्वीचे 'गोवा, दमण व दीव सरकार'? कूळ आणि इतर हक्कांचे रकाने कोरे आहेत का? जुन्या भूसंपादनातली जमीन असेल तर त्या वेळचा निवाडा आणि त्याला जोडलेला नकाशा मिळवलाच पाहिजे. रस्त्यासाठी किंवा कालव्यासाठी जमीन घेतली, भरपाई दिली, पण उताऱ्यावर जुन्या मालकाचे नाव तसेच राहिले, अशी प्रकरणे गोव्यात जागोजागी आहेत. अशा जमिनीचे आधी सरकारच्या नावे फेरफार करून घ्यायचे आणि मगच ती दुसऱ्या खात्याला द्यायची. उलट क्रमाने गेले तर मूळ मालकाचे वारस न्यायालयात जातात आणि त्यांच्या हातात सरकारचाच उतारा असतो.

जमीन कशासाठी घेतली होती तेही तपासावे लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतलेली जमीन सहजासहजी दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. ९९ वे कलम तशी मोकळीक अगदी मर्यादित परिस्थितीत देते, आणि पाच वर्षे न वापरलेल्या जमिनीबद्दल १०१ वे कलम वेगळेच सांगते. शाळेला गावकऱ्यांनी बक्षीसपत्राने दिलेल्या जागेत अटी असू शकतात. 'फक्त शाळेसाठी' असे लिहिलेले असेल तर आरोग्य उपकेंद्रासाठी कोपरा देण्याआधी कायदा खात्याचे मत घ्यावेच लागते.

आता मोजणी. आमच्या मते सगळ्यात मोठी चूक इथे होते. आपले गावांचे सर्व्हे नकाशे बहुतांशी १:१००० प्रमाणाचे आहेत, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर एक मीटर. नकाशावरची रेघच ०.३ मिलिमीटर जाडीची असली तर ती जमिनीवर तीस सेंटीमीटर खाते. दोन हेक्टरच्या भाटात (बागायतीत) याने काही बिघडत नाही. पण वळणावर रस्ता रुंद करायला शाळेच्या कुंपणालगतची अडीच मीटर रुंद, साठ मीटर लांब पट्टी हवी आहे असे धरा. क्षेत्र झाले १५० चौरस मीटर. लांबीच्या एका बाजूला अर्धा मीटर इकडे-तिकडे झाला की ३० चौरस मीटरचा फरक, म्हणजे पट्टीचा पाचवा हिस्सा. तुकडा जितका लहान आणि चिंचोळा, तितकी हद्दीची चूक महाग. त्यात फाइलला बहुधा नकाशाच्या झेरॉक्सची झेरॉक्स जोडलेली असते. झेरॉक्समध्ये कागद एक टक्का जरी ताणला तरी साठ मीटरवर साठ सेंटीमीटर वाढतात. लाल पेन्सिलीने त्यावर रंगवलेला चौकोन म्हणजे नकाशा नव्हे. मोबाईलमधल्या जीपीएसवर काढलेल्या बिंदूंचे तेच. मोकळ्यावर तीन ते पाच मीटर चूक आणि माडांखाली त्याहून जास्त, तर दहा मीटरच्या तुकड्याला त्याचा काय उपयोग?

हवे ते असे: भूमापन निरीक्षकांच्या कार्यालयाकडून सीमांकन, टोटल स्टेशनने किंवा डीजीपीएसने (अचूक मोजणीची यंत्रे), प्रत्येक बाजूची लांबी आकड्यांत, दोन कर्णांची लांबी, आणि निदान तीन न हलणाऱ्या खुणांपासूनची अंतरे. न हलणारी खूण म्हणजे जुना हद्दीचा दगड, कल्व्हर्टचा (रस्त्याखालच्या मोरीचा) कोपरा, देवळाचा चौथरा. विजेचा खांब किंवा फणसाचे झाड खूण म्हणून लिहू नये, दोन्ही जातात. रस्त्याकडेचे हद्दीचे दगड पुष्कळदा डांबराच्या थराखाली किंवा गटाराच्या काँक्रिटमध्ये गेलेले असतात. दगड सापडत नाही म्हणून अंदाजे कुंपणालाच हद्द धरतात, आणि चिऱ्यांची ती भिंत मुळातच गटारात साठ सेंटीमीटर पुढे आलेली असते. सीमांकन आधी, कुंपण नंतर, हा क्रम कंत्राटदाराच्या घाईपायी हमखास उलटतो.

मोजणीच्या दिवशी दोन्ही खात्यांचे कनिष्ठ अभियंते, सर्व्हेअर, तलाठी आणि वाड्यावरचा पंच (पंचायत सदस्य) एकत्र जागेवर पाहिजेत. पंच एवढ्यासाठी की पावसाळ्यात पाणी कुठून वाहते, लोकांची पायवाट कुठून जाते, देवीच्या पालखीची वाट कुठली, हे उताऱ्यात नसते आणि त्याला ठाऊक असते. जागेखालून जाणारी जलवाहिनी आणि वीजवाहिनी, विहीर, मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) घर, झाडे यांची नोंद त्याच दिवशी, त्याच कागदावर व्हावी. जमीन सरकारी असली तरी झाड तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागतेच. घर असेल तर ते कधीचे, हेही लिहा. २०२५ च्या दुरुस्तीने महसूल संहितेत २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची सरकारी जमिनीवरची घरे नियमित करण्याची तरतूद आली आहे. तेव्हा 'मोकळी जागा' असे डोळे मिटून लिहिणाऱ्या पंचनाम्यामुळे दोन खाती आणि एक कुटुंब तिघेही अडकतील.

क्षेत्र मागतानाही कसूर होते. टाकीला दहा बाय दहा मीटर पुरेल म्हणून १०० चौरस मीटर मागतात. टाकीपर्यंत गाडी जायला वाट, पाइप टाकायची पट्टी, तुंबले तर पाणी सोडायची जागा, यांचा विचार टाकी उभी राहिल्यावर होतो. तीन मीटर रुंद, वीस मीटर लांब वाटेला आणखी ६० चौरस मीटर लागतात, आणि त्यासाठी पुन्हा नव्याने फाइल. देणाऱ्या खात्यानेही उरलेल्या तुकड्याचा आकार पाहावा. मैदानाचा कोपरा दिला आणि मुलांच्या धावपट्टीची सरळ बाजू तुटली, किंवा गोदामामागची जागा दिली आणि गोदामाचा ट्रक वळेनासा झाला, तर चौरस मीटरचा हिशोब बरोबर असून उपयोग नाही.

ना हरकत दाखल्याबद्दल एक गैरसमज इतका रुजला आहे की तो स्पष्ट सांगितला पाहिजे. ना हरकत म्हणजे हस्तांतरण नव्हे. 'सदर जागेत बांधकाम करण्यास या खात्याची हरकत नाही' या एका ओळीवर राज्यात कितीतरी इमारती उभ्या आहेत. त्या ओळीत ना सर्व्हे नंबर, ना क्षेत्र, ना नकाशा. सही बहुधा उपविभागीय अभियंत्याची, ज्याला जागा देण्याचा अधिकारच नसतो. पंधरा वर्षांनी दुरुस्तीसाठी किंवा वाढीव मजल्यासाठी परवाना मागायला गेले की इमारत ज्या जागेवर आहे ती कागदोपत्री दुसऱ्याच खात्याची निघते. दाखला द्यायचा तो खातेप्रमुखाने, क्षेत्र आकड्यांत आणि अक्षरांत लिहून, सही केलेल्या नकाशासह. त्यानंतर महसूल खात्यामार्फत सरकारचा आदेश, ज्यात हेतू, क्षेत्र, सर्व्हे नंबर, जागेवरच्या बांधकामांचे काय, आणि ठरावीक मुदतीत वापर झाला नाही तर जागा परत जाईल ही अट.

आदेश हाती आला की सगळे थांबतात. खरे तर कागद इथून जमिनीवर यायचा असतो. तारीख, दोन्ही बाजूंच्या सह्या आणि मोजणीचा नकाशा यांसह ताबा पावती, मग पोटहिस्सा पाडून नवा उपविभाग क्रमांक (शहरात नवा चलता), मग फेरफार. पोटहिस्सा पाडला नाही तर काय होते ते पाहा. मूळ क्षेत्र २,४०० चौरस मीटर, त्यातले १५० दिले. उतारा २,४०० च दाखवतो. देणारे खाते आपल्या मालमत्ता नोंदवहीत २,४०० ठेवते, घेणारे १५० धरते. सरकारच्या हिशोबात आता २,५५० चौरस मीटर जमीन आहे. पुढे तिसरे खाते त्याच उताऱ्याच्या भरवशावर कोपरा मागते आणि तो आधीच दिलेला निघतो. अतिक्रमण झाले तर आणखी वाईट. सार्वजनिक जागेतून हटवण्याची कारवाई करायची तर जागा कोणाच्या ताब्यातली हे कागदाने दाखवावे लागते. एक खाते म्हणते आम्ही दिली, दुसरे म्हणते आमच्या नावावर नाही, आणि नोटीस कोणीच काढत नाही.

सत्तरी, सांगे, काणकोणसारख्या तालुक्यांत जागा वनक्षेत्रात असेल तर सरकारी खात्यांमधलेही हस्तांतरण राज्याच्या हातात उरत नाही. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची पूर्वमान्यता लागते. तरी एक वाट पुष्कळांना माहीत नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचे पाणी, वीजवाहिनी, रस्ता अशा तेरा प्रकारच्या सुविधांसाठी प्रत्येक ठिकाणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते. वाड्यावरच्या अंगणवाडीला इतके पुरते.

सरकारने यात फार मोठे काही करायचे नाही. राज्याच्या दोन खात्यांमधल्या, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या तुकड्यांसाठी अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना द्यावेत, एकच छापील अर्ज असावा आणि संयुक्त पाहणीपासून फेरफारापर्यंत ९० दिवसांची मुदत असावी. महामंडळे आणि स्थानिक संस्था या सवलतीबाहेर ठेवाव्यात, नाहीतर खात्याच्या वाटेने जमीन महामंडळाकडे आणि तिथून भाडेपट्ट्याने तिसऱ्याच्याच हाती जाईल. प्रस्ताव नकाशासह पंधरा दिवस पंचायतीच्या फलकावर लावावा. मोजमापाचे आकडे असलेला नकाशा जोडल्याशिवाय आदेशाला क्रमांकच पडू नये. आणि फाइल आदेशाच्या सहीनंतर बंद न करता नवा एक-चौदा तिला लागल्यावरच बंद करावी.

आधी होऊन गेलेल्या हस्तांतरणांचे काय, तर प्रत्येक खात्याने आपल्या तालुक्यातल्या इमारती, टाक्या आणि उपकेंद्रे यांच्यासमोर सर्व्हे नंबर आणि उताऱ्यावरचे नाव लिहून काढावे. दोन जुळत नाहीत तिथे जुना आदेश शोधायचा. तो सापडतो, बहुधा घेणाऱ्या खात्याकडे नसून देणाऱ्याच्या कपाटात. त्याची प्रमाणित प्रत मामलेदारांकडे फेरफारासाठी आणि भूमापन निरीक्षकांकडे पोटहिश्श्यासाठी एकाच दिवशी पाठवावी. आदेशासोबत नकाशा नसेल तर दोन्ही खात्यांनी आज जागेवर जे आहे ते मोजून संयुक्त नकाशावर सह्या कराव्यात. त्या काळी जागेवर हजर असलेले कर्मचारी एकेक करून निवृत्त होत आहेत, आणि हद्दीचा दगड नेमका कुठे होता हे दाखवू शकणारे तेच आहेत.

आपले,
भूमापन व महसूल कामकाजाशी संबंधित काही वाचक, फोंडा