दालगोना म्हणजे हान्ग्वा नव्हे

महोदय,

आपल्या पुरवणीतील कोरियन खाद्यपदार्थांवरच्या लेखात दालगोना हा ‘कोरियाचा प्राचीन पारंपरिक गोड पदार्थ’ असल्याचे म्हटले आहे, त्याबद्दल दुरुस्ती सुचवावीशी वाटते. साखर वितळवून तीत चिमूटभर खायचा सोडा घातलेली ही चकती एका मालिकेमुळे जगभर पोहोचली हे खरे. पण ती विसाव्या शतकात रस्त्यावर विकला जाणारा मुलांचा खाऊ आहे. ज्यांना कोरियन माणूस परंपरेने ‘हान्ग्वा’ म्हणतो त्या मिठायांचा गोडवा मधातून येई, किंवा शिजवलेल्या तांदळात मोड आलेल्या जवांचे पीठ मिसळून, गाळून आटवलेल्या ‘जोचोंग’ या दाट पाकातून.

त्यांतला याक्ग्वा घ्या. ‘याक’ म्हणजे औषध. मध औषधी मानला जाई, म्हणून हे नाव. गव्हाच्या पिठाला तिळाचे तेल चोळतात, मग मध, आल्याचा रस आणि थोडी दारू घालून ते हलक्या हाताने गोळा करतात, कारण जोरात मळले तर पदर सुटत नाहीत. त्यानंतर मंद आचेवर तळून पाकात मुरवतात. अशा तळलेल्या मिठायांवर धान्य, तेल आणि मध इतके खर्ची पडू लागले की गोर्यो राजवटीत ११९२ मध्ये त्यांवर बंदी घालून त्यांऐवजी फळे वापरण्यास सांगण्यात आले. एखाद्या मिठाईसाठी राजाज्ञा निघावी, यावरूनच तिचे समाजातले स्थान कळते.

सोलमध्ये एका वयस्क बाईंना मी दाशिक, म्हणजे साच्यात दाबून केलेल्या हान्ग्वाच्या वड्या, करताना पाहिले आहे. पाइनच्या फुलांचा पिवळाधमक पराग मधात कालवून त्या लाकडी साच्याच्या भोकांत अंगठ्याने घट्ट दाबत होत्या. साच्याची वरची फळी दोन ठोकळ्यांवर उचललेली होती. ठोकळे काढून फळी खाली दाबताच दीर्घायुष्याचे अक्षर उमटलेल्या वड्या अलगद वर आल्या. तेल नाही, आच नाही. चुसोक (सुगीचा सण) आणि सोल्लाल (चांद्र नववर्ष) या सणांना पूर्वजांसमोर मांडल्या जाणाऱ्या ताटांत अशाच मिठाया असतात, दालगोना नव्हे.

कृपया पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी, आणि शक्य झाल्यास येत्या चुसोकच्या सुमारास हान्ग्वावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक