करार एकतर्फी, झोप अर्धवट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, माणसे कमी पडली आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमाने धडाधड रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. तेव्हापासून लाखांनी पगार घेणाऱ्या वैमानिकांना वर विश्रांती कशाला हवी, हा सूर लोकलच्या डब्यात ऐकतो आहे आणि वाचकांच्या पत्रांतही वाचतो आहे. माझा मुलगा स्वस्त तिकिटांच्या एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. मी स्वतः एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. ड्युट्या लावण्यात आयुष्य गेल्यामुळे दोन शब्द लिहावेसे वाटले.

मुक्कामी गाडी घेऊन सकाळी आगारात आलेल्या चालकाला ‘एवढी एक फेरी मार रे बाबा’ अशी गळ मीही घातलेली आहे. तो सरळ नाही म्हणायचा, वर दोन शब्द सुनवायचा आणि झोपायला निघून जायचा. मी मुकाट्याने दुसरे नाव शोधायचो. तेव्हा १९६१ सालचा मोटार परिवहन कामगार कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, हे त्याला तोंडपाठ असे. कायदा रोज पाळला जायचा असे मी म्हणणार नाही, पण तो तोंडावर फेकायची सोय होती.

माझ्या मुलालाही थकलो आहे असे कळवता येते, त्याचा रीतसर अर्ज असतो. गेल्या वर्षी सलग दुसऱ्या रात्रीच्या ड्युटीनंतर त्याने तो भरला. आठवडाभरात ऑफिसात बोलावणे आले. कोणी रागावले नाही. चहा दिला, घरी काही अडचण आहे का विचारले, आणि कॅप्टन व्हायची तुमची इच्छा आहे ना, असेही विचारले. त्यानंतर त्याने तो अर्ज पुन्हा भरलेला नाही.

तो घरी असला की दुपारी बारा वाजता आमच्याकडे रात्र असते. खिडक्यांना जाड काळे पडदे लावलेत, दाराच्या बेलची वायर मीच काढून ठेवली आहे. कुकरच्या शिट्ट्या होऊ नयेत म्हणून बायको डाळ-भात सकाळी सहालाच उरकते. तरी गणपतीत ढोल वाजतातच. मध्यरात्री दीडला कंपनीची गाडी खाली येऊन उभी राहते तेव्हा त्याची झोप जेमतेम तीन तासांची झालेली असते. कंपनीच्या हिशेबात मात्र विश्रांती पूर्ण.

पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर. धुक्यामुळे विमान तीन तास गेटवरच उभे राहिले, तर ते तास ड्युटीत धरतात, पैशात नाही. शिवाय पायलट व्हायलाच गावची जमीन गेली आणि घर तारण पडले. टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक जातीचे विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा, खर्च आमचाच, वर पाच वर्षांचा बाँड. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारे सरकारी महासंचालनालय, त्याच्या २०१७ च्या नियमानुसार नोकरी सोडायची तर कॅप्टनने एक वर्षाची नोटिस द्यायची, फर्स्ट ऑफिसरने सहा महिन्यांची. एसटीतल्या कोणाला हे सांगितले तर हसतील. आणि कंपनीवर बंधन किती? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. सप्टेंबर २०२२ मध्ये स्पाइसजेटने सुमारे ८० वैमानिकांना तीन महिने बिनपगारी रजेवर पाठवले. त्यांना कोणी वर्षभर आधी कळवले होते?

मंगळूर आपण विसरलो. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टीपलीकडच्या दरीत गेले, १५८ माणसे मेली. तीही स्वस्त दरातलीच सेवा, आणि कॅप्टन परदेशातून करारावर आणलेले. प्रवासाचा बराचसा वेळ ते झोपले होते, असे चौकशीत निघाले. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरणे ऐकू येते. सहवैमानिकाने तीनदा ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या, असे म्हटले. त्या जागी बसणाऱ्याचा मी बाप आहे, त्यामुळे ते ‘तीनदा’ माझ्या डोक्यातून जात नाही.

नवे विश्रांतीचे नियम डीजीसीएने ८ जानेवारी २०२४ ला काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. ते १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी कुरकुर केली, तारीख पुढे गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन हप्त्यांत ते आले. म्हणजे माणसे भरायला जवळजवळ दोन वर्षे मिळाली. आमच्या आगारात दिवाळीच्या जादा गाड्यांना चालक पुरणार नाहीत हे दिसत असेल, तर गाड्यांची पाटी आधीच लावत नसत. इथे वेळापत्रक फुगवले, तिकिटे विकली आणि गाडी अडकल्यावर सरकारने इंडिगोला रात्रपाळीच्या अटींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. नियोजन चुकले कंपनीचे, झोप कापली वैमानिकाची.

माझी मागणी फार मोठी नाही. नोटिस ठेवायचीच तर दोन्ही बाजूंना सारखी ठेवा. आणि थकव्याचा अर्ज कंपनीच्या ऑफिसात न जाता थेट डीजीसीएकडे जावा, म्हणजे चहाचे बोलावणे तरी येणार नाही.

कंपनीच्या कामकाजाबद्दल वर्तमानपत्रांशी बोलायचे नाही, असे कलम मुलाच्या करारात आहे. बापाला ते लागू होते की नाही हे वकिलाला विचारलेले नाही. तेव्हा पत्राखाली माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, ठाणे