स्प्रेकल्सचा ऊस आणि माउईचं पाणी

प्रिय मित्रा,

हवाई बेटांतल्या माउईवर एवढा ऊस कसा उभा राहिला, असं तू विचारलंस. माझं उत्तर एकच, पाट.

क्लाउस स्प्रेकल्स 1846 साली हॅनोव्हर राज्यातून, म्हणजे आजच्या जर्मनीतून, अमेरिकेत आला. आधी किराणा, मग सॅन फ्रान्सिस्कोत साखर शुद्ध करण्याचा कारखाना. 1876 मध्ये हवाईच्या साखरेवरची अमेरिकन जकात उठली, पौंडामागे साधारण दोन सेंट वाचू लागले, आणि 1878 मध्ये त्यानं माउईच्या मधल्या सपाटीवर हजारो एकर जमीन धरली. जमीन कोरडी. पाऊस सगळा हालेआकाला डोंगराच्या ईशान्य उतारावर. महाबळेश्वर आणि माण तालुका आठव, म्हणजे कळेल.

हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं, आणि पाणी त्या राज्याच्या मालकीचं. जुलै 1878 मध्ये राजा कालाकाउआनं मंत्रिमंडळ रातोरात काढलं. नव्या मंत्रिमंडळानं स्प्रेकल्सला वर्षाला 500 डॉलरवर 30 वर्षांचा पाणीहक्क दिला. त्याच दिवसांत स्प्रेकल्सनं राजाला 40,000 डॉलर कर्ज दिलं होतं. याला मी सौदाच म्हणतो.

पाट मात्र अस्सल काम! हर्मन शुस्लर या इंजिनियरनं सुमारे 48 किलोमीटर नेला, खर्च पाच लाख डॉलर. अशा पाटाला ढाळ जास्त दिला तर काठ खचतात, कमी दिला तर गाळ बसतो. वाटेत खोल घळी. तिथं लोखंडी नळ एका कड्यावरून उतरवून दुसऱ्यावर चढवायचा. पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा खाली हवं, नाहीतर पाणी चढत नाही. दाब सर्वांत जास्त तळाशी, म्हणून तिथले सांधे आधी सांभाळायचे.

तिथला ऊस दोन वर्षांचा, आपल्या दीडेक वर्षाच्या आडसाली उसाहूनही लांब. तोडल्यावर पडून राहिला की रसातली साखर फुटते, दाणा धरत नाही आणि साखरेचा उतारा घसरतो. म्हणूनच शेतापासून गिरणीपर्यंत रेल्वे टाकली आणि 1881 मध्ये गिरणीत विजेचे दिवे लावले. रात्रीही गाळप चाले.

1898 मध्ये स्प्रेकल्सची कंपनी अलेक्झांडर अँड बाल्डविन या दुसऱ्या साखर कंपनीकडे गेली. शेवटचं गाळप पुउनेनेच्या कारखान्यात, डिसेंबर 2016 मध्ये.

पण त्या पाटांनी पूर्व माउईचे ओढे आटवले होते, आणि ओढ्यांच्या पाण्यावर अळूची खाचरं करणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या कोरडे राहिले. मला सर्वांत जास्त तेच सलतं. 2018 मध्ये राज्याच्या जल आयोगानं अनेक ओढ्यांचं पाणी परत सोडायचा आदेश दिला. तोवर ऊस संपून दीड वर्ष झालं होतं.

तुझा,
मित्र